सासूबाई वर्षभरात दोनदा पडल्या. आता त्यांना बसवून ठेवायचे की चालते ठेवायचे?

प्रश्न (यादोगोपाळ पेठ, सातारा)

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या मोरीच्या उंबऱ्याशी घसरून पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. संक्रांतीनंतर एका पहाटे लघवीला उठल्या आणि पलंगापासून दोन पावलांवरच कोसळल्या. त्या वेळी मुक्या मारावर निभावले. त्यांना रक्तदाबाची एक गोळी, पायांवरची सूज उतरण्यासाठी लघवीची एक गोळी आणि रात्री झोपेची अर्धी गोळी चालू आहे. मधुमेह नाही. घर जुने, शहाबादी फरशीचे आहे. माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामध्ये सागवानी उंबरे आहेत आणि मोरी पडवीच्या कोपऱ्यात आहे.

दुसऱ्यांदा पडल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. यजमान आणि पुण्याचे दीर म्हणतात की आईने आता जागचे हलूच नये. देवळात जाणे बंद, भाजी निवडणेसुद्धा पलंगावर बसून. सासूबाईंचे म्हणणे असे की पाय असेच गुंडाळून ठेवले तर उद्या उठवायलाच माणूस लागेल. मला दिसते ते एवढेच, की पूर्वी त्या खुर्चीवरून सहज उठत असत आणि आता दोन्ही हातांनी दांडी धरून उठतात. नेमके काय करावे?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू वापरात नसले की या वयात फार लवकर उतरतात, आणि मग ज्या पडण्याच्या भीतीने माणूस बसून राहतो तेच पडणे जवळ येते. व्यायामावर झालेल्या १०० हून अधिक चाचण्यांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा घरी राहणाऱ्या वृद्धांमधले पडण्याचे प्रमाण व्यायामाने साधारण २३ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. त्यातही तोल सांभाळण्याचे आणि उठ-बस करण्याचे व्यायाम अधिक उपयोगी ठरले. नुसते सावकाश फिरणे त्यासाठी पुरत नाही.

परंतु तुमच्या प्रश्नातली महत्त्वाची गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे. त्या दोनदा पडल्या, पण दोन्ही वेळचे कारण एक दिसत नाही. मोरीपाशी पाय घसरला, तिथे दोष ओल्या फरशीचा आणि उंबऱ्याचा. पहाटेचे पडणे मात्र घसरण्याचे वाटत नाही. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी कमी झालेले आणि झोपेच्या गोळीचा अंमल पहाटेपर्यंत उरलेला. म्हणून घरातल्या यंत्रावर त्यांचा रक्तदाब आडवे असताना, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा, मोजताना कोणीतरी शेजारी उभे राहा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. झोपेची गोळी एकाएकी तोडली तर त्याचाही त्रास होतो. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या दुकानातून परस्पर आणून देणेही टाळा.

पायांतली ताकद घरी अशी पाहता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवून, हात छातीशी दुमडायला सांगून, ३० सेकंदांत त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या स्त्रीला १० वेळा जमले नाही, तर पाय कमकुवत झाले आहेत असे समजावे. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर ती नोंद शून्य धरतात, आणि तुमच्या वर्णनावरून तसेच होईल असे वाटते. व्यायामाची सुरुवातही याच उठण्या-बसण्यापासून करता येईल, फक्त आधी उंच खुर्ची घ्यावी. त्यानंतर ओट्याची कड धरून टाचा उचलणे, कड धरूनच एका पावलापुढे दुसरे पाऊल टाच-बोट जुळवून ठेवणे. हे नेटाने कित्येक महिने करावे लागते. पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडण्यात अर्थ नाही.

उत्तर २ (जुन्या घरांची दुरुस्ती करणारा, वाई)

कृष्णाकाठच्या जुन्या घरांत आमचे निम्मे काम मोरीचेच असते. शहाबादी फरशी कोरडी असताना पाय धरते, पण वर्षानुवर्षे साबणाचे पाणी मुरून मोरीतला भाग गुळगुळीत होतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ थर बसतो, जो डोळ्यांना दिसत नाही. तेवढाच भाग छिन्नीने टाकवून खरखरीत करून घ्या, किंवा खरखरीत फरशी बसवा.

आधाराचा दांडा बसवताना लोक टॉवेल अडकवायचा दांडा लावून मोकळे होतात. तो माणसाचे वजन घेत नाही, भिंतीतून उपटून हातात येतो. जुनी भिंत मातीची किंवा पांढरीची असेल तर खिळा-स्क्रू धरत नाही. तिथे दगडात किंवा लाकडी खांबात पक्का करावा, नाहीतर जमिनीतून लोखंडी खांब उभा करावा. उंची फरशीपासून ३३ ते ३६ इंच पुरते, तरीही बसवण्यापूर्वी आजींना तिथे उभे करून त्यांचा हात सहज कुठे जातो ते पाहा. उंबरे काढावेत असे मी सांगणार नाही, चांगले सागवान असते आणि घरातल्यांची मनेही त्यात गुंतलेली असतात. त्यांच्या कडेला पिवळ्या रंगाचा जाड पट्टा ओढा आणि पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा.

उत्तर ३ (निवृत्त परिचारिका, कऱ्हाड)

वरील दोघांनी पडण्यापूर्वीचे सांगितले, मी पडल्यानंतरचे सांगते. आपल्याकडे म्हातारे माणूस पडले की चौघे धावतात, काखेत हात घालून उभे करतात आणि तेल लावून चोळायला बसतात. तसे करू नये. मांडीच्या सांध्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. अशा वेळी न हलवता १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो हसून बोलत असला तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे.

मनगट मोडले होते म्हणता, तर हाडांची घनता तपासून घ्या. नुसत्या उंबऱ्याशी पडून हाड मोडणे हे हाडे ठिसूळ झाल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. परंतु ड जीवनसत्त्वाचा भरमसाट डोस कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख एककांचा डोस देऊन पाहिला गेला, तर त्या अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

उत्तर ४ (वय ८१, सांगली)

ताई, या सगळ्या चर्चेत सासूबाईंना कोणी विचारले आहे का? मला माझ्या मुलांनी असेच बसवून ठेवले होते. २०१९ च्या महापुरानंतर घराची फरशी बदलली, चकचकीत आरशासारखी घातली, आणि मग त्यावर मी पडेन म्हणून मलाच खुर्चीत बसवले. आता पट्ट्याच्या रबरी चपला घरातही घालतो, काठीचे रबरी बूच झिजले की बदलतो आणि सकाळी आमराईत जातो. जिना उतरताना दुहेरी काचेच्या चष्म्यातून पायरी पुसट दिसते, म्हणून चालण्यासाठी दूरचा एकेरी चष्मा वेगळा करून घेतला आहे. सासूबाईंना देवळात जाऊ द्या, फक्त पहिल्या घंटेच्या गर्दीत नको.

प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर

सर्वांचे आभार. रक्तदाब मोजला, आडवे असताना १४२/८०, उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी ११६/७२. आकडे पाहून डॉक्टरांनी लघवीच्या गोळीची मात्रा कमी केली आणि झोपेची गोळी हळूहळू सोडवायचे ठरवले आहे. एक शंका उरली. सासूबाई देवपूजा खाली पाटावर बसूनच करतात. ती खुर्चीवर करावी का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

२६ ने उतरतो, म्हणजे पहाटेचे कारण बहुधा तेच. पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचे, घोटे वर-खाली हलवायचे आणि मगच उभे राहायचे, हे आजपासून सुरू करा.

पूजा खाली बसून करू द्या, कारण जमिनीवरून उठता येणे ही पडल्यानंतर उपयोगी येणारी गोष्ट आहे. देवघराशेजारी न हलणारे जड स्टूल ठेवा. उठताना कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचे, दोन्ही हात स्टुलावर टेकायचे, ज्या पायात जोर जास्त तो पुढे रोवायचा आणि मग उठायचे. सुरुवातीला कोणीतरी मागे उभे राहावे, पण ओढू नये. गुडघे फार दुखत असतील तर पाटाऐवजी वीतभर उंच चौरंग घ्यावा.