‘सुगम्य’, ‘समावेशक’ आणि ‘अजबखाना’: संग्रहालयातले शब्द

प्रश्न : संग्रहालयांच्या पाट्यांवर ‘सुलभ’, ‘सुगम्य’ आणि ‘सर्वसमावेशक’ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. त्यांत फरक काय? आणि ‘वस्तुसंग्रहालय’ जोडून लिहायचं की तोडून?

उत्तर : दुसरं आधी. जोडून, आणि ‘स्तु’ ऱ्हस्व. सुटा ‘वस्तू’ दीर्घ लिहितो, पण समासात पूर्वपदी आला की तत्सम शब्दाचा मूळचा ऱ्हस्व परत येतो. ‘वस्तुस्थिती’ लिहितो तसंच. ‘वास्तुसंग्रहालय’ हा वेगळाच शब्द झाला, वास्तू म्हणजे इमारत.

‘सुलभ’मध्ये लभ् धातू आहे, मिळायला सोपं ते सुलभ. ‘सुगम्य’मध्ये गम् आहे, जिथवर सहज पोचता येतं ते सुगम्य. तिकीट घरबसल्या काढता येणं ही सुलभता. चाकाच्या खुर्चीवरून थेट काचपेटीपर्यंत जाता येणं ही सुगम्यता. २०१५मध्ये ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झालं आणि शब्द सरकारी कागदांत रुळला.

पुरवणी : पाटीवर ‘सुगम्य’ लिहायचं तर मोजमाप हवं. चढाचं प्रमाण १:१२, म्हणजे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्यांसाठी १२ फूट लांबीचा रॅम्प. जागा नाही म्हणून तो सहा फुटांत बसवला, तर खुर्ची ढकलणाऱ्यालाही झेपत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रॅम्प चांगला, पण वर दालनाचा उंबरठा तसाच. ब्रेल पाटीचंही तेच. ती डोक्याच्या उंचीवर भिंतीला सपाट ठोकली तर मनगट वळवून वाचावी लागते. कमरेच्या जरा वर, तिरप्या फळीवर लावली तर बोटं नीट फिरतात. शिवाय पाटी नेमकी कुठे आहे हे सांगणारं कोणी किंवा जमिनीवरची स्पर्शपट्टी (पायाला किंवा काठीला जाणवणारी उठावाची पट्टी) नसेल, तर ती सापडणारच नाही.

उत्तर : ‘समावेशक’ याहून वेगळा. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२मध्ये प्राग इथे नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात ‘सुगम्य’ आणि ‘समावेशक’ या अर्थांचे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत. २००७च्या व्याख्येत फक्त ‘लोकांसाठी खुले’ एवढंच होतं. दार उघडं असणं, आत पोचता येणं आणि आत आपलं काही सापडणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. ‘सर्वसमावेशक’मधला ‘सर्व’ मला नको वाटतो, एवढा मोठा दावा पाटीला पेलत नाही. साध्या वाक्यात ‘सामावून घेणारं’ हेच सगळ्यात नीट कळतं.

प्रश्न : मग संग्रहालयासाठीचा जुना शब्द ‘अजबखाना’ टाकाऊ?

उत्तर : मुळीच नाही. अरबी ‘अजब’ आणि फारसी ‘खाना’, नवलाचं घर. नागपूरचं १८६३मधलं मध्यवर्ती संग्रहालय लोकांच्या तोंडी आजही ‘अजब बंगला’च आहे. लोकांनी स्वतःहून दिलेलं नाव पत्रकावर अधिकृत नावाखाली जरूर छापावं, त्याच नावाने लोक रिक्षावाल्याला पत्ता सांगतात. एक अडचण खरी आहे : ‘अजब’ म्हणताना वस्तू परकी, विचित्र ठरते. ज्यांच्या घरातली ती वस्तू, त्यांना ती अजब नसते.

पुरवणी : म्हणूनच समावेशकतेची खरी कसोटी वस्तूशेजारच्या चिठ्ठीवर लागते. इंग्रजी मजकुरावरून मराठी केलं की ‘सुपारी कातरण्याचे धातूचे उपकरण’ असलं काही उतरतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे, तो पाहायला आलेल्या आजीला ‘उपकरण’ शब्द काय सांगणार? चिठ्ठी अशी हवी :

‘अडकित्ता. पितळी मुठी, लोखंडी पातं. सुपारी खालच्या फाळावर धरून वरचं पातं दाबतात.’

मजकूर ५०–६० शब्दांच्या आत ठेवा, आणि अक्षर मोठं व ठळक. कापड आणि कागद असलेल्या दालनात प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपासच, म्हणजे मंद ठेवावा लागतो, कारण उजेडाने झालेली हानी साठत जाते, भरून येत नाही. तेव्हा चिठ्ठी दिसत नाही म्हणून दिवा वाढवू नका, अक्षर वाढवा, फिकट कागदावर काळी शाई वापरा.

आणि ‘हात लावू नये’च्या पाटीवर कारणही लिहा : घामातल्या क्षारांनी आणि तेलकटपणाने धातू गंजतो. शेजारी एक चालती प्रतिकृती ठेवून तिच्यावर लिहा, ‘हात लावून पाहा’.