'स्मोल्डर'ला तुमच्या घरी काय म्हणतात?

आगीच्या खबरदारीचं एक पत्रक मराठीत करतेय. 'स्मोल्डर'पाशी गाडी अडली. (ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एक यू जास्त, अमेरिकन तो गाळतात.) अर्थ सोपा: ज्वाळा नाही, पण आत जळणं चालू. शब्दकोशात 'धुमसणे' आहे. पण ते लिहिलं की वाचणाऱ्याला सासू-सून आठवतात. खरीखुरी आग धुमसताना पाहिलीय का कुणी? तेव्हा काय म्हणायचे, लिहा.

—

आजोबांची विडी गादीवर पडली. बोटभर काळं भोक. तांब्याभर पाणी ओतलं, हात फिरवून पाहिला, गार. गादी पडवीत टाकून सगळे झोपलो. पहाटे तीनला पडवी धुरानं भरलेली! बाबांनी विळ्यानं खोळ फाडली. भोक वरून तेवढंच, पण आतला कापूस परातीएवढा खाल्लेला आणि कडेनं लाल रेघ सरकतेय. आजी म्हणाली, "मेली आतल्या आत चरत होती." जखम चरते ना, तसं. आमच्याकडे तोच शब्द राहिला.

—

ताई, मी जिनिंगमध्ये होतो, यवतमाळकडे. कापसाची गंजी वरून भिजवली म्हणजे विझली असं नसते. फोडा, पसरवा, मग पाणी मारा. आम्ही नुसतं म्हणतो, 'आत धग हाय.'

—

कापसावरून आठवलं. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकिन जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र. दुपारी धूर दिसला, पाणी मारत राहिले, आग नेमकी कुठे ते कळेना. चार वाजून गेल्यावर स्फोट.

—

सगळं धुमसणं वाईट नसतं हो. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतो. शेण, कवळ, पातेरा, वर मातीचा थर. वाऱ्याच्या विरुद्ध अंगानं पेटवायचा, म्हणजे आग भडकत नाही, सावकाश सरकते आणि माती नीट भाजते. वाऱ्याच्या बाजूनं पेटवलात तर वरचं भुर्रकन जळतं, तण तसंच. मला एकदा याच चुकीवरून काकांनी भर शेतात झापलंय.

—

धुपणं आणि धुमसणं यांत गल्लत नको. ओलं लाकूड धुपतं: धूरच धूर, पेट घेत नाही. धुमसणारं पेटलेलंच असतं.

—

पत्रकात बंद खोलीतल्या शेगडीचं जरूर घाला. निखाऱ्यांना धूर नाही म्हणून लोक थंडीत उशाशी ठेवून झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आमच्या शेजारचं जोडपं दार फोडून बाहेर काढलं, वाचलं.

—

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, शेगडी घातली. गादीच्या ओळीत 'आतल्या आत चरत असते' लिहिलं होतं. साहेबांनी खोडून 'धुमसत असते' केलं, वर समासात प्रश्नचिन्ह: 'गादी चरते?'