बदल बायकांनीच घडवायचा, मग पैसा आणि अधिकार कुणाकडे?

रानपाखरू

केनियात १९७७ साली वांगारी मथाई यांनी खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून झाडं लावायला घेतली. ओढे आटत होते, सरपणाला लांब जावं लागत होतं, ही तक्रार त्या बायकांचीच. वनखात्याची माणसं म्हणाली, रोपवाटिका हे शिकलेल्यांचं काम आहे. मग बायकांनी फुटकी मडकी आणि रिकामे डबे घेतले, आसपासच्या झाडांचं बी गोळा केलं आणि उगवतं का ते पाहिलं. रोप जगलं की त्यामागे थोडे पैसे मिळत. लावल्याचे नाही, जगल्याचे! मला ही अट फार मोलाची वाटते. ते पैसे रोज पाणी घालणारीलाच मिळतात, एक दिवस येऊन खड्डा खणणाऱ्याला नाही.

माझं म्हणणं असं की मोडकळीला आलेल्या वस्तीत काम बायकांपासूनच सुरू करावं. त्या जात्याच चांगल्या असतात म्हणून नव्हे. पाणी, सरपण, आजारी मूल यांचा हिशोब त्यांच्याच डोक्यात असतो म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

तिरपी रेघ

साफ असहमत. घरचं सगळं उरकून वर वस्तीचा उद्धारही यांनीच करायचा?

पेरूत १९८० च्या दशकात महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं, तेव्हा लिमाच्या गरीब वस्त्यांत बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, मुलांना रोज पेलाभर दूध मिळेल असं पाहिलं. सरकार कमी पडलं तिथे या बायका उभ्या राहिल्या, तेही बहुतेक फुकट. त्यांच्यातल्या मारिया एलेना मोयानो यांनी 'शायनिंग पाथ' या सशस्त्र माओवादी संघटनेच्या दहशतीला उघड विरोध केला. १५ फेब्रुवारी १९९२ रोजी त्यांना मुलांदेखत ठार मारलं. वय अवघं ३३. 'बायकांपासून सुरू करा' म्हणताना ही किंमत कोण मोजणार, तेही सांगा.

कर्जाचंही तेच. छोटी कर्जं बाईच्या नावावर का? ती गाव सोडून जात नाही, चारचौघांत लाज नको म्हणून पोटाला चिमटा काढून फेडते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला अध्यादेश काढावा लागला.

पाणवठा

जोखमीबद्दल पटलं. पण म्हणून बायकांना बाजूला ठेवायचं का? पश्चिम बंगालमध्ये कोणत्या पंचायतीचं प्रधानपद महिलांसाठी राखीव, हे कुणाच्या मर्जीने नाही, ठरावीक क्रमाने ठरलं होतं. त्यामुळे 'सुधारलेल्या गावांनीच बाई निवडली' असं म्हणायला जागा नाही. संशोधक राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात अशा पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केलेला दिसला. तिथे बाईकडे पद होतं, सही होती, निधी होता. पेरूतल्या बायकांकडे यातलं किती होतं?

तिरपी रेघ

सही तिची आणि निर्णय नवऱ्याचा, असंही पुष्कळ ठिकाणी चालतं. पण निधी हातात असणं वेगळं, हे मान्य.

रानपाखरू

रेघ, तुमचं वाचून मला लायबेरिया आठवला. तिथल्या यादवी युद्धात ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून रोज एकत्र बसत. २००३ मध्ये घानात अक्राला शांततेची बोलणी रेंगाळली, तेव्हा त्या सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या. करार झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. अटक करायला रक्षक आले, तसं या बायकांच्या नेत्या लेमा बोवी यांनी अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाची बाई स्वतःहून उघडी होणं तिथे शाप मानतात. रक्षक मागे हटले.

१८ ऑगस्टला करार झाला, पण हंगामी सरकारातली मंत्रिपदं मुख्यतः लढणाऱ्या गटांनीच वाटून घेतली. दार अडवलं बायकांनी आणि आत खुर्च्या मिळाल्या बंदूकवाल्यांना. २००५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ जिंकल्या खऱ्या, पण मधली दोन वर्षं गेलीच. तेव्हा माझं म्हणणं बदलते: काम बायकांपासून सुरू करा, आणि पगार, निधी, टेबलावरची जागा पहिल्याच दिवशी द्या. हे नसेल तर त्यांच्या जिवावर काही सुरू करू नका.

तिरपी रेघ

आता पटलं. अजून एक मात्र विचारायचंय. त्या दाराशी बसलेल्यांत घानाच्या निर्वासित छावणीतल्या बायकाही होत्या. त्या दिवशी छावणीत त्यांची पोरं कुणी सांभाळली असतील?