लेझर की एंटरप्राइज?
या दोन छोट्या शिडाच्या होड्यांपैकी कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. शर्यतही करायची आणि रविवारी बायकोमुलीला फिरवायचंही, असं दोन्ही एकाच होडीत मागताय, तर लेझर (हल्लीचं नाव इल्का) विसरा. ४.२३ मीटरची ती होडी एकट्याचीच. दुसरा माणूस बसला की सगळे अवघडतात, आणि डोक्यावरून बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) फिरतो तो वेगळाच! फक्त शर्यत असेल तर मात्र तीच घ्या. होडी तीच, त्यावर लावायचं शीड तीन मापांतलं एक: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. तुमचं वजन पासष्ट किलो सांगितलंत, म्हणजे मधलं. मोठं घेतलंत तर वारा वाढला की होडी तुम्हाला चालवेल.

दोन्ही हवंच असेल तर एंटरप्राइज बघा. दोन शिडांची, शर्यतीत दोघांनी चालवायची, फिरायलाही चालते. जुनी घेताना शिडापेक्षा डोलकाठीचा पाया आणि सेंटरबोर्डची (तळातून पाण्यात उतरवायच्या फळीची) खाच तपासा. गळती बहुधा तिथेच सापडते.