सोड्याचे २ ग्रॅम गेले कुठे, आणि वहीत लिहायचं काय?

ऐरोलीची आई
लेक नववीत आहे. वर्गात ४ ग्रॅम खायचा सोडा, वाटीभर व्हिनेगर, उघडं चंचुपात्र. फेस ओसरल्यावर काटा २ ग्रॅम कमी दाखवतोय. सर म्हणाले, काट्याची चूक आहे, वहीत आधीचाच आकडा लिहा. द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेआधी आणि नंतर एकूण वजन तेवढंच राहतं) शिकवायला खोटा आकडा? मला नाही पटलं.

खडूवाला, ठाणे
ताई, वर्गात ६० मुलं, तास ३५ मिनिटांचा, काटा एकच. 'वजन घटलं' लिहून पोरगं घरी गेलं की तेच डोक्यात बसतं. सरांचं चुकलं ते प्रयोग निवडण्यात. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेटची द्रावणं बंद शंकुपात्रात मिसळा. पांढरा साका बसतो, काटा जागचा हलत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनंही १७७४ मध्ये कथील बंद पात्रातच तापवलं होतं.

नेरूळचे आजोबा
आणि पात्र उघडल्यावर हवा आत घुसली, वजन वाढलं. तेही त्यानं नोंदवलं की! काटा हलला नाही तर मुलं जांभया देतात हो. हिशोब करा: ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू निघून हवेत जातो, म्हणजे ४ ग्रॅममधून २.१. बिचाऱ्या काट्यानं बरोबरच सांगितलं होतं. तळोज्याला केमिकल प्लांटमध्ये आयुष्य गेलं माझं. मास बॅलन्स, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या मालाच्या वजनाचा हिशोब, जुळला नाही की आम्ही गळती शोधायचो, रजिस्टर खोडायचो नाही.

खडूवाला, ठाणे
प्लांटमध्ये तुम्हाला पगार होता, आजोबा. इथे पुढच्या तासाची घंटा वाजते.

ऐरोलीची आई
काल घरी बाटलीच्या तोंडाला फुगा लावून केलं. तरी १ ग्रॅम कमीच! फुगा पाण्यात बुडवून पाहिला, कुठे गळत नाही.

नेरूळचे आजोबा
फुगला तो साधारण सव्वा लिटर. तेवढी बाहेरची हवा बाजूला सारली गेली, तिचं वजन जवळपास १.४ ग्रॅम; काटा साधारण तेवढंच कमी दाखवतो. पाण्यात बादली हलकी लागते ना, तसंच. पण म्हणून फुग्याऐवजी घट्ट झाकण लावून मात्र करू नका, वायू कोंडून बाटली फुटेल.

खडूवाला, ठाणे
घ्या! आता नियमाच्या आधी आर्किमिडीज शिकवू? म्हणूनच म्हणतो, वायूवाली अभिक्रिया पहिल्या दिवशी नकोच.

नेरूळचे आजोबा
दुसऱ्या दिवशी करा. पण आकडा खोडू नका.

ऐरोलीची आई
लेकीनं '२ ग्रॅम कमी' लिहून बाण काढला आणि पुढे 'हवेत गेला' असं लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल गोल केलाय. मार्क अजून दिलेले नाहीत.