मदत हवी आहे: खाणीच्या डंपावर काजू जगत नाही, आधी काय लावू?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जागा आहे. आजोबांच्या काळात तिच्यावर लोहखनिजाच्या खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग, म्हणजे डंप, पडला. इकडे त्या मातीला 'रिजेक्शन' म्हणतात. २०१२ला खाणी थांबल्या, २०१८ला सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींची लीज रद्द केली, डंप मात्र आहे तिथेच. दर पावसाळ्यात लाल गाळ खालच्या भातशेतात उतरतो. (मालकीचं, परवानग्यांचं बघून झालंय, त्यावर चर्चा नको.)

गेल्या जूनमध्ये खड्डे मारून, शेणखत घालून ६० रोपं लावली, बहुतेक काजू. काजू म्हणे दगडावरही येतो! दिवाळीला ११ उरली. मेलेलं एक उपटून पाहिलं, तर मुळं पिशवीच्या मातीतच गोल गोल फिरलेली. बाहेरच्या मातीत एकही घुसलं नव्हतं. पाऊस थांबला की वर पापडी धरते, टिकाव मारला की खणकन वाजतो.

शेजारच्या डंपावर पूर्वी ऑस्ट्रेलियन अकेशिया लावलाय. जगतो, नत्र धरतो, कबूल. पण खाली सुक्या पानांचा जाड थर, त्यातून गवताची काडी वर येत नाही. मला तो नको.

नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीवर साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ), रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) आणि मायकोरायझा (मुळांना साथ देणारी बुरशी) वापरून झाडं उभी केली, असं वाचलं. इथे धारबांदोड्याचा कारखाना बंद. प्रेसमड कोल्हापूरहून आणला तर मालापेक्षा ट्रकचं भाडं जड.

त्याऐवजी काय चालेल?

प्रतिसाद १

काजूची घाई झाली. आधी पाणी अडवा. माथ्यावरचं पाणी उतारावर येऊ न देता चर काढून बाजूला न्या, उताराला आडव्या पायऱ्या पाडा. पहिला पाऊस स्थिरावला की पायऱ्यांच्या कडेला वाळ्याचे ठोंब ओळीत, खेटून लावा. मधे हिरवळीच्या खतासाठी तागाचं बी फेका, ताग फुलावर आला की कापून तिथेच पसरा. गिरिपुष्पाच्या फांद्या रोवा, पाला फुकटचा मिळतो. प्रेसमडऐवजी चांगलं कुजलेलं शेणखत, आणि प्रत्येक खड्ड्यात जुन्या करंजाखालची दोन ओंजळ माती. बुरशी आणि जिवाणू त्यातूनच येतात. झाडं दुसऱ्या वर्षी, तीही करंजापासून. उतार किती आहे?

धागाकर्ता

उभाच आहे, चढताना हात टेकावे लागतात. पायऱ्या जेसीबीनं पाडू की माणसं लावून? मशीन वर चढवलं तर कडा ढासळेल अशी भीती वाटते. आणि वाळ्याचे ठोंब डिचोली-साखळीकडे कुणाकडे मिळतील का?