जपान्यांनी इंग्रजी पचवलं की नुसतं गिळलं?

ओसाकाकर: जपानमधल्या ऑफिसातला पहिलाच आठवडा. शेजारचा सहकारी हसत म्हणाला, "क्यो, तेन्शोन ताकाई ने!" मला वाटलं, आपल्या चेहऱ्यावर टेन्शन दिसतंय. तसं काही नाही, घरी सगळं ठीक आहे, असा खुलासाच सुरू केला. नंतर कळलं, इथं तेन्शोन म्हणजे उत्साह. स्वारी आज रंगात आहे, एवढंच तो म्हणत होता. 'मानशोन' म्हणजेही हवेली नव्हे, फ्लॅट. माझा तर एका खोलीचा. परीक्षेत कॉपी करणं म्हणजे 'कान्निंगु', मूळ इंग्रजी 'कनिंग'. लंडनच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, म्हणजे हे शब्द आता जपानीच झाले. आपण मात्र अजून भाषेच्या शुद्धीकरणावर भांडतोय.

चष्मेवाली काकू: पचवलं म्हणता, पण कोणी? २०१३ साली जपानमधल्या गिफूच्या ७१ वर्षांच्या गृहस्थांनी एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर दावा ठोकला होता. रिसुकु (रिस्क), तोराबुरु (ट्रबल), केआ (केअर) असल्या शब्दांनी कार्यक्रम कळत नाहीत, मनस्ताप होतो, १४ लाख १० हजार येन भरपाई द्या. नागोयाच्या कोर्टानं दावा फेटाळला, पण तक्रार खोटी होती का? तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेनं २००२ ते २००६ मध्ये १७६ शब्दांना सोपे पर्याय सुचवले ते काय उगाच? डॉक्टर आजोबांना म्हणणार 'इन्फोमुदो कोनसेंतो', म्हणजे इन्फॉर्म्ड कन्सेंट, उपचार समजून घेऊन दिलेली संमती. आजोबांना कोनसेंतो माहीत आहे, पण भिंतीतला! प्लग लावायच्या सॉकेटला तिथं हाच शब्द.

ओसाकाकर: 😄 सॉकेटचं मान्य. पण हुकमानं शब्द जात नाहीत हो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची भाषा म्हणून बेसबॉलमधला 'स्ट्राइक' काढून अंपायरला 'योशी', म्हणजे 'ठीक', म्हणायला लावलं. युद्ध संपलं नि 'सुतोराइकु' परत मैदानात.

अर्धा पाव: खरी गोम लिपीत आहे. पाव आपल्याला पोर्तुगिजांनी दिला, जपान्यांनाही. आपला पाव वडा पोटात घेऊन बसलाय, त्याला परका कोण म्हणतं? जपानी 'पान' मात्र आजही बहुतेक वेळा काताकानात, म्हणजे बाहेरून आलेल्या शब्दांसाठीच्या लिपीत. चारशेहून जास्त वर्षं राहूनही पाहुणाच. आपण 'टेबलाखाली', 'बशीतून' एका दमात म्हणतो, तिथं शब्द कागदावर वेगळा उठून दिसतो.

ओसाकाकर: दिसतो वेगळा, वागतो घरच्यासारखा. 'गुगुरु' म्हणजे गुगल करणं, त्याचा भूतकाळ 'गुगुत्ता'. अस्सल जपानी क्रियापदासारखं चालतं. आपण अजून 'गुगल कर'वरच अडलोय.

चष्मेवाली काकू: क्रियापद चालवणं सोपं, शब्द घडवणं अवघड. मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ मध्ये, त्यांना ते जमत होतं. टेलिफोन आला तर 'देन्वा' केला, म्हणजे विजेवरचं बोलणं, आणि तो घराघरात गेला. आपला 'दूरध्वनी' सरकारी पत्राबाहेर पडला नाही. ती धमक सोडून जपानी आता काताकानाच्या आयत्या बिळात शिरलेत, माझा राग त्यावर आहे.

ओसाकाकर: देन्वाला माझाही सलाम. फक्त खिशातला देन्वा आता 'सुमाहो', म्हणजे स्मार्टफोन, झालाय, आणि माझ्या घरमालकीणबाई, वय ८२, तोच शब्द वापरतात.